जावेच्या विम्याचे कागद

माझा धाकटा दीर नोकरीसाठी जर्मनीला जाणार, हे घरात सगळ्यात शेवटी मला कळलं. मी हिंजवडीकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात विम्याच्या डेस्कवर बसते. त्या दिवशी डिस्चार्ज जास्त होते, त्यामुळे गावी, चांद्याला, घरी पोचेपर्यंत दारात चपलांची गर्दी झालेली आणि सासूबाईंच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स अर्धा रिकामा. जाऊ पुढे आली, माझ्या तळहातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, "ताई, आमचं झालं हो. म्युनिक."

"अगं वा!" मी म्हणाले. पेढा खाल्ला. मग हातपाय धुवायला म्हणून मोरीत गेले आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

लग्नाआधी मी पुण्यात जर्मनचे दोन वर्ग केले होते. दोन बस बदलून जायचे. तिसऱ्या वर्गात नाव घातलं आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. नवरा वाईट माणूस नाही. तो आमची शेती बघतो, मारुंजीत बांधलेल्या भाड्याच्या खोल्या बघतो. तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "जर्मन शिकून हितं कुणाशी बोलणार हायेस?" पुस्तकं माळ्यावर गेली.

आणि आता जाऊ निघाली होती. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, लहान मुलांच्या शाळेत गाणी शिकवणारी. जर्मनी म्हणून मोबाइलवर स्वित्झर्लंडचे डोंगर दाखवायची आणि सासूबाई तोंडावर हात ठेवून म्हणायच्या, "लई भारी गं!" मी भाजी चिरत असायचे. चूक दुरुस्त करायचे नाही. ती शेजारपाजारी तशीच बोलावी, आणि कुणीतरी तिला हसावं, असं मला वाटायचं. इतकं क्षुद्र आपल्यात असतं हे मला तेव्हाच नीट कळलं.

आठवड्याभरात दीर कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आला.

"वहिनी, तिकडे गेल्या गेल्या हेल्थ इन्शुरन्स ठरवावा लागतो. सरकारी की खाजगी, दोनातलं एक. तुमचं रोजचं काम हेच, आणि जर्मनही येतं तुम्हाला. जरा बघता?"

सासूबाई पावटे सोलत बसल्या होत्या. त्यांनी लगेच निकाल दिला. "त्यात काय बघायचं? सरकारी कशाला घेतुयास? सरकारी दवाखान्यात लायनीत हुबं ऱ्हायला तिकडं चाललायस व्हय? खाजगीच घे. आन् मला बी घाल त्यात."

दीर हसला. त्याचंही मन खाजगीकडेच होतं. कुठल्याशा एजंटनं व्हिडिओ कॉलवर त्याला समजावलं होतं की खाजगीत डॉक्टरची वेळ लवकर मिळते, दवाखान्यात वेगळी खोली मिळते, मोठे डॉक्टर स्वतः तपासतात, आणि तरुण माणसाला हप्ताही कमी पडतो. त्याचा पगार तिथल्या ठरलेल्या मर्यादेच्या वर होता म्हणून त्याला निवड तरी होती. मर्यादेखालच्या नोकरदाराला सरकारीतच जावं लागतं. "बायकोचं तिथं गेल्यावर जोडू, असं एजंट म्हणाला," दीर म्हणाला. "हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारपर्यंत सही करून पाठवायचीय."

रविवारी सकाळी मी ओट्यावर गठ्ठा घेऊन बसले. माळ्यावरून जुना शब्दकोश काढला. इंग्रजी पानं होती, काही जर्मन होती. तासाभरात मला सगळं समजलं.

सरकारी म्हणजे आपल्याकडचा सरकारी दवाखाना नव्हेच. डॉक्टर बहुतेक तेच, दवाखाने तेच. फरक पैसे कोण आणि कोणत्या नियमानं भरतं त्याचा. सरकारीत हप्ता पगारावर ठरतो, आणि न कमावणारी बायको, मुलं त्याच हप्त्यात येतात. आधीचं दुखणं काय, हे कुणी विचारत नाही. खाजगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. आधी तब्येतीचे प्रश्न विचारतात. जुना आजार असला तर जादा पैसे, नाहीतर तो आजार वगळणार, नाहीतर थेट नकार. बाळंतपणासाठी काही महिने थांबायचं. आणि एकदा खाजगीत गेलं की पुन्हा सरकारीत यायची वाट फार अरुंद.

प्रश्नांचं पान समोर होतं. गेल्या काही वर्षांत काय उपचार झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. जावेला थायरॉईड होता. दोनदा दिवस राहून गेले होते. दुसऱ्या वेळी तिला आमच्याच हॉस्पिटलात आणलं, तेव्हा मी तिच्या खाटेशी बसले होते. तिकडे जाऊन एक-दोन वर्षं नोकरी न करता उपचार घ्यायचे, असं तिनं मला एकटीलाच सांगितलं होतं.

रोज माझ्या खिडकीशी माणसं येतात आणि मी त्यांना सांगते, हे दुखणं पॉलिसीच्या आधीचं आहे, यात बसत नाही. मला कळत नव्हतं असं म्हणायला जागाच नव्हती.

दुपारी दिरानं विचारलं, "काय वहिनी, बघितलंत?"

"हो," मी म्हणाले. "ठीक वाटतंय. खाजगी चांगलंच असतं."

खोटं त्यात जवळजवळ नव्हतं. उरलेलं बोलले नाही, एवढंच. ते ठरवूनही केलं नव्हतं. तोंडाशी आलं होतं, पण तेवढ्यात जाऊ नवा लांब कोट घालून गिरकी घेत बाहेर आली, आणि माझे ओठ मिटले. जाऊ दे, वाटलं. सगळंच काय हिला सोपं मिळायचं? तिकडे एकदा तरी खिडकीशी उभं राहून "बसत नाही" ऐकू दे.

पुढचे दिवस खरेदीचे. बॅगा आल्या, गोडा मसाला दळून आला, इंद्रायणी तांदळाच्या पिशव्या बांधल्या. कासारसाईहून नणंद येऊन चार दिवस राहिली. जो येई तो जावेला बघायला. मला कुणी म्हणालं, "तुमी कवा जाणार?" तर मी हसायचे आणि रात्रीपर्यंत तो प्रश्न चघळायचे. डेस्कवर एक नकार सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. समोरच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, बरं नाही का तुम्हाला?"

शनिवारी जाऊ माझ्या खोलीत आली. हातात लहान वही होती.

"ताई, मला थोडं जर्मन शिकवा ना. डॉक्टरांकडे गेल्यावर लागेल तेवढंच. हे दिवसभर ऑफिसात असणार, मी एकटीच जाणार दवाखान्यात."

मी तिला सांगितलं, थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत हे कसं म्हणायचं. दुखतंय कुठे, किती दिवसांपासून. ती देवनागरीत लिहून घेत होती, मुलांना शिकवणारीचं ते गोल, सुबक अक्षर. मग मान खाली घालूनच तिनं विचारलं, "आणि मला भीती वाटते, हे कसं म्हणायचं? म्हणजे पुन्हा दिवस राहिले तर."

"इश हाबे आंग्स्ट," मी म्हणाले.

तिनं दोनदा म्हणून पाहिलं, लिहिलं, वही मिटली. "तुम्ही आहात म्हणून बरं, ताई," म्हणाली आणि गेली.

रविवारी दुपारी दीर खाटेवर कागद लावत होता. जाऊ काट्याला बॅग अडकवून वजन बघत होती. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, त्या खाजगीच्या कागदावर सही करू नका."

"का? तुम्हीच म्हणालात ना ठीक आहे?"

मी सगळं सांगितलं. बायकोचा हप्ता वेगळा, तिला जुन्या आजाराचे प्रश्न, बाळंतपणाची थांबायची मुदत, परत फिरायची अडचण. आणि सरकारीत ती तुमच्याच हप्त्यात, मूल झालं तर तेही. एजंट "नंतर जोडू" म्हणाला, ते जोडणं म्हणजे काय, ते पान काढून दाखवलं. दीर वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरला.

"मग हे एजंटनं..." तो म्हणाला.

जावेनं त्याला मध्येच थांबवलं. ती माझ्याकडे बघत होती. "ताई, तुम्ही हे कधी वाचलंत?"

"गेल्या रविवारी."

"मग विसरलात का सांगायला?"

तिनं मला वाट काढून दिली होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

"नाही," मी म्हणाले. "विसरले नाही. सांगितलं नाही."

"का?"

"तू चाललीस आणि मी इथेच, म्हणून."

बॅग काट्याला तशीच लोंबत होती. मग तिनं ती खाली ठेवली आणि आत गेली. दीर कागद गोळा करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारच्या आत सांगितलंत, हे तरी बरं."

त्यांनी सरकारी घेतलं. सासूबाई दोन दिवस कुरकुरल्या. आई-वडील कशातच बसत नाहीत, फिरायला आलात तर तुमचा प्रवासाचा विमा वेगळा काढू, हे दिराकडून ऐकून आणखी कुरकुरल्या. जाऊ माझ्याशी नीट बोलायची. चहा विचारायची, ताट वाढायची. वही घेऊन मात्र पुन्हा आली नाही. निघताना सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही पडली, पण हात पायाला लागला न लागला तोच उठली.

पुढच्या वर्षी तिला दिवस राहिले आणि टिकले. सुरुवातीपासून डॉक्टर, नर्स, तपासण्या. मुलगी झाली तेव्हा व्हिडिओवर सासूबाईंनी आधी बाळाचं नाक कुणासारखं ते ठरवलं आणि मग विचारलं, "बिल किती झालं गं?"

"बिलच न्हाई, आई," जाऊ हसून म्हणाली. "कार्ड दाखवलं फक्त. हिचंबी कार्ड येईल आता."

मी आनंदले, अगदी खरी आनंदले. पण त्याच क्षणी मला आमच्या हॉस्पिटलातली माझी खिडकी आठवली, डिस्चार्जची वाट बघत बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाया आठवल्या, आणि जुनी कळ पुन्हा उठली. ती गेलीच नव्हती. नंतर एकदा जाऊ सांगत होती की त्वचेच्या डॉक्टरची वेळ तीन महिन्यांनी मिळाली, खाजगीवाल्यांना म्हणे लगेच मिळते. ऐकून मला चक्क बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत होतं.

गेल्या महिन्यात तिनं विम्याच्या ऑफिसातून आलेल्या पत्राचा फोटो पाठवला. घरातल्यांची माहिती दरवर्षी भरून द्यायची, त्याचा फॉर्म होता. खाली लिहिलं होतं, "ताई, वाचून सांगाल? सगळं वाचून सगळंच सांगा हं."

ते "सगळंच" मला लागलं. लागायला हवंच होतं. मी चष्मा लावला आणि तिला फोन केला.

"पहिला रकाना," मी म्हणाले. "तुझी स्वतःची कमाई आहे का, ते विचारलंय."

"सुरू होणारे पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. "बालवाडीत. मराठी-जर्मन दोन्ही गाणी."

मी तो रकाना पुन्हा एकदा वाचला. मग तिला सांगितलं की पगार घरच्यांसाठी ठरलेल्या छोट्याशा मर्यादेच्या वर गेला तर ती नवऱ्याच्या हप्त्यातून बाहेर पडेल, स्वतःचा विमा सुरू होईल, आणि हे त्यांना आजच कळवावं लागेल.