कॅलेंडरवरची फाटकी साडी

फोटोसाठी मी एका बाईला फाटकी साडी नेसायला लावली होती, एवढी मी शहाणी! आज नातीनं चर्चचं नवं कॅलेंडर भिंतीला लावलं. त्यावर मिशननं दिलेल्या शिलाई मशीनजवळ तसंच फाटक्या साडीतलं दीनवाणं ध्यान उभं केलेलं पाहिलं आणि तोंड कडू झालं.

फार वर्षांपूर्वी आमच्या मार्थाबाईला मिशननं मिरची कांडायचं यंत्र दिलं होतं. परदेशी देणगीदार यायचे होते, म्हणून ती स्वतःच्या कमाईची हिरवीगार साडी नेसून ऐटीत उभी राहिली. मी मिशनची उत्साही ताई, डोक्यात देवापेक्षा कॅमेरा जास्त! तिला आत पिटाळलं. "जुनी नेस गं, गरीब दिसायला हवं."

शी! दुसऱ्याची दया करायला आपल्याला त्याच्या चिंध्याच का लागतात?

पाहुणे गेल्यावर मार्थाबाई पदराच्या भोकातून बोट काढून म्हणाली, "ताई, मी अशीच दिसायला हवी, तर यंत्र कशाला दिलंत?"