दोन्ही मुठी गरम

ज्ञानू शेलार बोलायला लागला की समोरच्याचा चहा पिऊन व्हायचा, कप विसळून व्हायचा, तरी शब्द शोधत अडकलेलं त्याचं पहिलं वाक्य काही संपत नसे. बायको बाळाबाई नेमकी उलट. नेरूळ स्टेशनबाहेर ती भाजी विकायची, आणि तिची कोथिंबिरीची हाळी आमच्या बिल्डिंगीपर्यंत ऐकू येते अशी आम्ही तिची थट्टा करायचो. दोघं साताऱ्याकडची. सिडकोच्या त्या बिल्डिंगीत त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं, त्यामुळे त्यांचं भांडण आणि माझं जेवण बहुतेक एकाच वेळी चाले.

ज्ञानू महापेला हीटरच्या कॉइली बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. केसासारखी तार अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळायची, एकावर एक वेढा येऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं टेंपररी. दर दिवाळीला बाळाबाई विचारायची, “औंदा तरी?” आणि हा मान हलवायचा. मला चीड यायची. एवढ्या सरळ माणसाला कुणी एवढं ताटकळत ठेवतं का?

सत्त्याण्णवच्या जानेवारीत एकदाचा तो पर्मनंट झाला. बाळाबाईने जिन्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि मला दोन दिले. त्याच आठवड्यात घोटाळा झाला.

संध्याकाळी आम्ही चारजणी गॅलरीत वाटाणे सोलत बसलो होतो. ज्ञानू कामावरून आला, चपला काढल्या आणि कधी नव्हे तो आपणहून बोलला. “आज सायबांच्या मुठी गरम करून दिल्या,” म्हणाला. चेहरा असा फुललेला, जसं काही पोरगं पहिलं आलंय.

बाळाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “काय केलंसा?”

“मुठी. गरम केल्या.”

“सायबाची मूठ गरम केली तुमी?”

“दोन्ही केल्या की!” ज्ञानू म्हणाला. “लई खूस झालं सायेब.”

आता स्टेशनबाहेर दिवसभर उत्तरेकडच्या गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून बाळाबाईचं हिंदी चांगलं घोटीव झालेलं. मुठ्ठी गरम करना म्हणजे लाच देणं, हे तिला पक्कं ठाऊक. ज्ञानूचं तसं नव्हतं. तो दिवसभर मुकाट तार गुंडाळणारा. त्याच्या लेखी मूठ म्हणजे नांगराची मूठ, कुऱ्हाडीची मूठ, आणि फार तर मोटरसायकलची मूठ. आम्हा बाकीच्या तिघींनी मात्र एकमेकींकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यातच सगळं ठरून गेलं.

बाळाबाई कडाडली. “म्हंजे तसा झालासा व्हय पर्मनंट!” एवढं सगळ्या जिन्याला ऐकवून ती आत गेली.

तिचं हे उगाच नव्हतं. तिच्या भावाने, किसनने, शिपायाच्या नोकरीसाठी कुणाला तरी पैसे चारले होते. ते बाहेर आलं, नोकरी गेली, आणि गावात मान वर करून चालायची सोय उरली नाही. तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. असलं काही आपल्या घरात शिरू द्यायचं नाही, हे तिने मनाशी बांधून घेतलं होतं. लाच दिलेल्या माणसाबरोबर आता संसार करायचा की पोराबाळांना घेऊन वेगळं व्हायचं, हेच तिच्या डोक्यात घोळायला लागलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि त्यानेच मी घाबरले.

घरात अबोला सुरू झाला. ताट आपटून पुढे यायचं. ‘तसा’ म्हणजे कसा, हे ज्ञानूला उमगलंच नव्हतं. त्याला वाटलं, अंघोळीच्या पाण्याची कॉइल जळली होती, ती महिनाभर दुरुस्त केली नाही म्हणून ही रुसली. बिचाऱ्याने रविवारी बसून कॉइल नवीन गुंडाळली. बाळाबाई थंड पाण्याने अंघोळ करत राहिली. त्याचा पगार आला तर त्यालाही तिने हात लावला नाही. भाजीच्या पैशांत घर चालवायला लागली.

एके सकाळी तिने माझं दार वाजवलं. “नंदिनीताई, तुमच्या लूनावर मला महाप्याला सोडा. सायबाला भेटायचंय.”

“आणि काय सांगणार?”

“जे दिलंय ते परत द्या म्हनार. नोकरी बी परत घ्या.”

मी समजावून पाहिलं. पण बाळाबाईला समजावणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं. निघालो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्या दिवशी असा गारठा होता की तुर्भ्याच्या पुढे माझी बोटं माझीच आहेत की नाहीत कळेना. ब्रेक दाबलाय असं वाटायचं, आणि दाबलेला नसायचा. मागे बाळाबाई माझ्या पाठीला चिकटून सायबाला काय काय सुनवायचं त्याची तालीम करत होती.

कारखान्याच्या फाटकाशी पोचलो आणि साहेबही आपल्या बुलेटवरून तेवढ्यात आले. दीनानाथ कर्णिक, ठाण्याचे, पन्नाशीचे, किडकिडीत. बाळाबाई थेट गाडीसमोर उभी राहिली.

“सायेब, मी ज्ञानू शेलारची मंडळी. आमच्या मालकांनी तुमची मूठ गरम केली म्हनं.”

साहेबांचा चेहरा उजळला. “हो तर! दोन्ही केल्या. फार उपकार झाले त्यांचे.”

“आनि तोंड वर करून सांगताय!” बाळाबाई ओरडली. फाटकावरचा वॉचमन पुढे सरकला. “आमचं दिल्यालं परत द्या. तुमचं पर्मनंट बी नको आमाला.”

“परत?” साहेब गोंधळले. “अहो, त्या काढल्या तर मी गाडी कशी चालवू?”

आता गोंधळायची पाळी बाळाबाईची होती. साहेब गाडीवरून उतरले. “हात लावून बघा ना,” म्हणाले आणि बुलेटच्या हँडलकडे बोट दाखवलं.

तिने आधी एक बोट लावलं, मग पूर्ण पंजा. मग दुसऱ्या बाजूलाही. दोन्ही मुठी धरून ती गाडीसमोर तशीच उभी राहिली. मला राहवलं नाही, मीही एका बाजूला हात लावला. रबराखालून अशी सुरेख ऊब येत होती की सोडवेना.

साहेबांनी मग सगळं सांगितलं. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडून मरून जात, कसला तरी आजारच होता. हातमोजे घालूनही भागत नसे. डिसेंबरात रबाळ्याजवळ क्लच दाबता न आल्याने ते पडले होते. चहाच्या ग्लासाभोवती बोटं चोळत बसलेलं त्यांना ज्ञानूने पाहिलं, आणि कुणी न सांगता जेवणाच्या सुट्टीत हँडलवर तार गुंडाळली, बॅटरीला जोडली, दिव्याशेजारी बटण बसवलं.

“आणि पर्मनंटचं म्हणाल, तर त्याचं नाव मी दिवाळीआधीच वर पाठवलं होतं. मुठी तर नंतर बसवल्या.”

आम्ही लूनावरून घरी परतलो.

संध्याकाळी ज्ञानू आला तेव्हा तिने त्याला गॅलरीतच गाठलं आणि हसत, डोळे पुसत, सगळं सांगून टाकलं. आम्हीही हसलो. ज्ञानू हसला नाही. चपला काढायच्या राहून गेल्या त्याच्या.

“तुला वाटलं, म्या लाच दिली?”

“मी इचारलं व्हतं की तुमास्नी! तुमी हो म्हनला.”

“इचारलंस,” ज्ञानू म्हणाला. त्याला नेहमीप्रमाणे वेळ लागला, आणि या वेळी आम्ही सगळ्या थांबलो. “पन मी हो म्हनलो, आनि तुला ते खरं वाटलं.”

 मला त्या क्षणी ज्ञानूची फार कीव आली, आणि बाळाबाईचीही. मग ती त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि कोथिंबीर विकायच्या आवाजात म्हणाली, “चुकलं माझं!”

वरच्या मजल्यावरची दोन दारं उघडली.

“हळू बोल,” ज्ञानू कासावीस झाला. “मानसं ऐकत्यात.”

“ऐकू द्या,” बाळाबाई म्हणाली. “त्यास्नी बी इतकं दिस तेच वाटत व्हतं.”