विहीर भानुकाकांची, पाणी जयंतीकाकांचं

पंपाच्या दुकानात माल कमी आणि गोष्टीच जास्त साठतात. मोटर जळालेला माणूस आधी मन मोकळं करतो, मग वायंडिंगचं विचारतो. सुरतजवळ कामरेजला हायवेलगत माझं दुकान. बाकावर बसणारे सगळे आसपासचे ऊसवाले, केळीवाले. मी खानदेशचा, सुरतच्या पांडेसऱ्यात मिलच्या मोटरी उघडता उघडता धंदा शिकलो. शाळेतलं आता काही आठवत नाही, पण बाकावर ऐकलेलं विसरत नाही!

*

जवळच्या एका गावात शेतकऱ्यांची पाणी मंडळी, म्हणजे सहकारी संस्था, आहे. कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या ती ठरवते. बोर आटायला लागले तेव्हा मंडळीने ठरवलं, पावसाचं वाहून जाणारं पाणी जमिनीत उतरवायचं. प्रमुख रमणकाका मला बोलवायला आले, तर बाकावरून टोमणा आला, "काका, भाऊला कशाला घेता? पाणी जेवढं खाली, तेवढा याचा पाइप लांब!"

मी म्हटलं, "खरं आहे. पण पाणीच संपलं तर पाइप काय गळ्यात घालून फिरू?"

रमणकाका म्हणाले, "घ्या याला. स्वार्थ तोंडावर सांगणारा माणूस मंडळीत एक तरी पाहिजे!"

*

जागा शोधायला जुन्या सवयीने पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा धरून हा शेतातून फिरतो. नारळ उभा राहिला की खाली पाणी. रमणकाकांनी विचारलं, "पाणी ओतायचं कुठे?"

पाणाडी थांबला. नारळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "शेठ, आजवर सगळ्यांनी घ्यायचंच विचारलं. द्यायचं या नारळाला कुणी शिकवलेलं नाही!"

सगळे हसलो.

*

खरं म्हणजे जागा सगळ्या गावाला ठाऊक होती. शिवाराचं पाणी उतरून जातं ते भानुकाकांच्या कोरड्या विहिरीजवळून. तिच्या खालच्या अंगाला, बांधापलीकडे, धाकट्या भावाची, जयंतीकाकांची केळी आणि बोर. दोघं भाऊ याच विहिरीच्या पाळीवरून भांडले होते. पाणी आटलं, भांडण मात्र तुडुंब! समोरासमोर उभे असले तरी मधल्या माणसाला म्हणायचे, "त्याला सांगा."

मंडळीने विहीर मागितली. भानुकाका म्हणाले, "गावाला देतो. जयंतीला सोडून."

सुरतेत गोडादऱ्याला घरी येऊन हे सांगितलं, तर बायको पोळी लाटता लाटता आमच्या अहिराणीत म्हणाली, "पानी कोनले नाव इचारस का?"

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य भानुकाकांना ऐकवलं. ते म्हणाले, "पाणी नाही विचारत. मी विचारतो!"

*

तिकडे जयंतीकाकांची केळी माना टाकायला लागली. ते दुकानात आले. "भाऊ, मोठी मोटर काढ. बोर अजून खाली नेतो."

गिऱ्हाईक चालून आलेलं! पण मी म्हटलं, "काका, मोटर देतो. खाली खारं लागलं तर केळीला काय सांगाल? त्यापेक्षा भानुकाकांना एकदा विचारा."

"मरेन, पण विचारणार नाही." उठले, दारापर्यंत गेले, परत वळले. "त्याला सांगा, विहीर बापूंनी खोदलेली आहे."

मी जाऊन त्यांच्या वडिलांच्या नावाचा तो निरोप दिला. भानुकाका गवत कापत होते. हात थांबला.

"एवढंच म्हणाला?"

"एवढंच."

पुन्हा गवत कापायला लागले. दोन दिवसांनी मंडळीची माणसं गेली तर विहिरीभोवतीची बाभळीची काटेरी झुडपं साफ केलेली!

*

विहिरीशेजारी खड्डा केला. त्यात दगड, खडी, वाळू, वर जाळी. गाळलेलं पाणी पाइपाने विहिरीत. आषाढात पाणी वाहायला लागलं. आमच्या सुरतेत तापीमातेच्या वाढदिवसाला नदीला चुंदडी, म्हणजे चुनरी, वाहतात. बायकांना वाटलं, इथेही पाणी आईच्याच पोटात चाललंय. रमणकाकांच्या घरून अख्खी साडी वाहिली गेली! ती जाळीवर अशी बसली की सगळं पाणी फिरून भानुकाकांच्या भेंडीत.

भानुकाकांनी गुडघाभर पाण्यात उतरून ती ओढून काढली, पिळली आणि रमणकाकांच्या खांद्यावर टाकली. "वहिनींना म्हणावं, आई नेसून तृप्त झाली. आता तिला पाणी पिऊ दे!"

त्यानंतर पाऊस आला की भानुकाका छत्री घेऊन खड्ड्यावर. जाळीवरचा पाला स्वतः काढायचे. बांधापलीकडे जयंतीकाका केळीत उभे राहून बघायचे. निरोप द्यायला मधे कुणी नसायचं, म्हणून बोलणंही नसायचं.

*

यंदाच्या उन्हाळ्यात जयंतीकाकांचा बोर आटला नाही. भानुकाकांच्या विहिरीत मात्र तळाशी नुसती ओल; पाणी जमिनीतून खालच्या अंगाला सरकलेलं.

वैशाखात दोघं एकाच सकाळी दुकानात आले. भानुकाकांना नवी जाळी हवी होती, जयंतीकाकांना व्हॉल्व्ह. बाकाच्या दोन टोकांना बसले. व्हॉल्व्ह आणायला मी आत गेलो. बाहेरून जयंतीकाकांचा आवाज आला.

"त्याला सांगा, केळी भिजली की पाइप बांधावरून त्याच्या भेंडीत टाकतो."

बाक करकरला. मग भानुकाका.

"त्याला सांगा, जाळी बसवायला दोन माणसं लागतात."

"त्याला सांगा, येतो."

"त्याला सांगा, आलास की चहा माझ्याच घरी घे."

व्हॉल्व्ह केव्हाच सापडला होता. तो हातात धरून मी आत उभा राहिलो. बाकावर तेव्हा त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं!