पटावरची नावं

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी उभा जन्म एका खोलीत काढला. ती खोली म्हणजे आमच्या गावची शाळा. पहिली ते चौथी एकत्र, शिकवायला त्या एकट्या. त्यांनी चारही भिंतींना फळे लावून घेतले होते आणि प्रत्येक वर्गाचं तोंड आपापल्या भिंतीकडे. मुलं पाठीला पाठ लावून बसायची आणि जाऊबाई मधे उभ्या राहून भोवऱ्यासारख्या फिरायच्या. घरीही एका जागी उभं राहून बोलणं त्यांना जमायचं नाही. भाऊजी म्हणायचे, "बाई, मी एकाच इयत्तेत आहे. इकडे बघून बोला."

शाळा फार जुनी. चुन्याच्या जाड भिंती, वर कौलं. वाशांना वाळवी लागली आणि इमारत धोकादायक आहे, शाळाच बंद करा, अशी भाषा सुरू झाली. जाऊबाईंनी पदर खोचला. जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेच्या दारात त्या इतक्या वेळा जाऊन बसल्या, की तिथला शिपाई त्यांना न विचारताच चहा आणून देऊ लागला. अखेर संस्थेने काम हाती घेतलं.

दुरुस्ती होईपर्यंत मुलांनी शेजारच्या गावच्या शाळेत बसायचं ठरलं. तिथले हेडमास्तर व्यवहारी माणूस. म्हणाले, "मुलं इकडे बसू देत, पण नावं तुमच्याच पटावर ठेवा. थोड्या दिवसांचा तर प्रश्न."

"मूल तुमच्याकडे आणि हजेरी माझ्याकडे? गैरहजर मुलाला मी कधी हजर लावलेलं नाही, सर."

"अहो बाई, कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

त्यांनी सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले स्वतःच्या हाताने लिहून दिले. माझ्या मुलीचाही. ती जीपच्या मागच्या फळीवर दाटीवाटीने बसून जायची आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. तसं बोलले, तर जाऊबाई म्हणाल्या, "दुरुस्ती होईपर्यंत कळ काढ गं. मग आहेच आपली खोली."

काम सुरेख झालं, खोटं कशाला बोलू. चुना मुरवून भिंती लिंपल्या, वासे बदलले, जुनी कौलं घासून पुन्हा चढवली. जाऊबाई मुलांना परत आणायला म्हणून शिक्षण खात्याच्या कचेरीत गेल्या. मीही बरोबर होते. साहेबांनी मान वर केली नाही.

"पट शून्य आहे. शून्य पटाची शाळा बंद झाली."

"मुलं आहेत हो. दाखले मीच दिलेत."

"तेच म्हणतोय मी. तुम्हीच दिलेत."



रिकामी इमारत संस्थेने बघण्यासाठी खुली केली. तीन फळे उतरवले, बाकं एकाच दिशेला मांडली. फोटोत बरं दिसतं म्हणे. जाऊबाईंची नेमणूक शेजारच्या शाळेत झाली होती. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना माहिती सांगायला त्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "संध्याकाळी गावातली मुलं अभ्यासाला बसवू का?" संस्थेचे चष्मेवाले गृहस्थ गोड हसले. "बाई, मुलांचे हात भिंतीला लागतात हो."

तरी त्या जातात. दुसरं कोणीतरी भलतंच सांगत बसेल, म्हणतात.

मागच्या रविवारी शहरातल्या एका शाळेची बस आली होती. जाऊबाईंचं सांगून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग इथली मुलं कुठे गेली?"

"दुसऱ्या शाळेत."

"का? ही तर छान आहे."

"ती मुलं होती तेव्हा ही छान नव्हती," जाऊबाई म्हणाल्या.

मुलांबरोबर आलेल्या बाईंना हे फार आवडलं. त्या हसल्या आणि मुलांना टाळ्या वाजवायला सांगितल्या. मुलांनी वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत जाऊबाई हात जोडून उभ्या राहिल्या आणि मग, बाकांना हात न लावता बाहेर पडा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.