मागच्या खोलीतलं नेट आणि माझा खटका

इकडे सरक गं, जवळ बस. जळगावला गेल्यापासून फोनवर भेटतेस तेवढीच. आणि परवा काय म्हणालीस? "मावशी, विजेच्या वायरीतून नेट येतं म्हणे, फसवतात लोकांना!" न बघता बोलायची तुझी खोड काही जात नाही. आमच्या ह्या सोनगीरच्या घरात येतं. मधे रोज जायचंही, ते का, ते आता नीट ऐक.

आमचं घर लांबट, खोलीमागे खोली. नेटची डबी पुढच्या खोलीत आणि सूनबाई कामाला बसते अगदी मागच्या. मधल्या भिंती जाड, वायफाय स्वयंपाकघरापर्यंत येऊन दमायचं. तिच्या पुण्याच्या ऑफिसनं बजावलं होतं, महिनाभर बघू, बोलता बोलता आवाज तुटत राहिला तर इथं येऊन बसा. म्हणजे ती, मुलगा, नात, सगळेच पुण्याला. इथं उरणार मी आणि हे, दोघंच.

तिनं दोन ठोकळे मागवले. एक पुढे सॉकेटमध्ये, आखूड वायरीनं डबीला जोडलेला. दुसरा मागे तिच्या टेबलापाशी. मधलं नेट घराच्या विजेच्या तारांतून जातं. मागच्या ठोकळ्याला एक चपटी पेटी लावली, पाच भोकांची. तिला स्विच म्हणतात, पण दिवा लावायचा तो नव्हे. तिच्यातून एक वायर सुनेच्या लॅपटॉपला, एक नातीच्या कॉम्प्युटरला.

ह्यांनी ठोकळा उलटासुलटा करून पाहिला. "हाई काय शे? वीज आणि नेट एकाच तारमा?"

मी म्हटलं, "एकाच रस्त्यानं बैलगाडी जाते आणि फटफटीही जाते की!"

सकाळभर झकास चाललं. दुपारी गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारीच. सुनेनं ठोकळा एक्स्टेंशन बोर्डातून काढून थेट भिंतीत लावला, वेग वाढला, पण दुपारचं दुखणं तसंच. "परत पाठवते हे," म्हणाली, आणि पुण्यातल्या भाड्याच्या खोल्यांचे फोटो बघायला लागली.

मला काही चैन पडेना. दुपारीच का? मनात दिवसभराची कामं फिरवून पाहिली. जेवणं, भांडी, मग कूलर... अगं, कूलर! आमच्याकडे थ्री फेज, म्हणजे खांबावरून विजेच्या तीन वेगळ्या तारा घरात येतात. दुपारी एका फेजचा दाब उतरला की कूलर रडत फिरतो. मग मीटरशेजारचा गोल खटका फिरवायचा आणि मागचं घर दुसऱ्या फेजवर टाकायचं, रात्री परत जागेवर आणायचं. वर्षानुवर्षांची सवय, कुणाला सांगायचीही गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचं काम नसताना म्हटलं, "तू स्क्रीनकडे बघत बस." खटका फिरवला.

"गेलं!"

परत पहिल्या जागी आणला. थोड्या वेळानं आतून हाक, "आलं, आई!"

मला भारीच मजा वाटली, पाचदा केलं. हे ओरडले, "पंखा चालू-बंद करीसन मारशी का माले?"

म्हणजे पुढचं घर एका फेजवर, मागचं दुसऱ्या. दोन ठोकळ्यांची भेटच होत नव्हती. पुढच्या घराला तसाच वेगळा खटका आहे. वायरमनला बोलावून विचारलं, दोन्ही घरांचा भार एका फेजला झेपेल का? त्यानं तारा बघून होकार दिला, तेव्हा दोन्ही खटके एकाच फेजवर नेले. कूलर गरगरला आणि नेटही राहिलं. बघ, शाळा सोडून किती वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

खटके फिरवताना क्षणभर वीज जातेच. म्हणून आधी ओरडून विचारते, "सूनबाई, बोलणं चाललंय का?" ते तिच्या साहेबांनाही ऐकू जातं म्हणे.

महिना संपला आणि ऑफिसनं कळवलं, घरूनच करा काम. ती म्हणाली, "आई, तुम्ही माझी नोकरी वाचवली."

"वाचवली कसली? रोज दुपारी मीच घालवत होते!"

तर आता सगळी इथंच आहेत. आज एकटीच आलीस, पुढच्या वेळी मुलांना घेऊन ये, शेवभाजी करते. चार दिवस राहा, नात तुझ्या मुलांची वाट बघतेय. पण लवकर ये गं.