दादा ज्याला आणायला गेला

दादा गेला तेव्हा मी कॉलेजात होते. आता बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले आहे आणि वयानं त्याच्या कितीतरी पुढं निघून आले आहे. तो सैन्यात कॅप्टन होता. डोंगरातली ती लढाई उन्हाळ्यात झाली, तीत तो गेला. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही सुरतला आलो आणि इथलेच झालो, म्हणून त्याला इथंच आणलं, तापीकाठी. वडील त्यानंतर फार जगले नाहीत. अडाजणच्या फ्लॅटमध्ये आता आई आणि मी, दोघीच.

मागच्या दिवाळीनंतर एका निवृत्त कर्नलसाहेबांचा फोन आला. मूळचे साताऱ्याकडचे. दादाच्याच पलटणीत होते ते. रेजिमेंटच्या केंद्रात, लढायांत गेलेल्या अधिकाऱ्यांसाठी एक दालन उभं राहत होतं. प्रत्येकाचा फोटो आणि खाली घरच्यांनी सांगितलेल्या चार ओळी.

"हुद्दा, जन्मतारीख, सगळं आहे आमच्याकडे," ते म्हणाले. "तो जेवायला काय मागायचा, ते नाही."

मराठी आणि गुजराती घरांना फोन करायचं काम मी अंगावर घेतलं. वेळ होता, आणि खरं सांगायचं तर दादाविषयी कुणी काही विचारलं त्याला वर्षं झाली होती.

सोपं वाटलं होतं, तसं ते नव्हतं. नाशिकच्या एका वडिलांनी मुलगा किती बेसूर शीळ घालायचा ते हसत हसत सांगितलं. मी लिहिलेलं वाचून दाखवलं, तर म्हणाले, काढून टाका. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला, "राहू द्या. ती शीळच माझ्या कानात आहे." बडोद्याच्या एका बाईंनी दुसरं लग्न केलं होतं. "दुपारीच फोन करत जा," त्या म्हणाल्या. "मुलांना ठाऊक आहे सगळं, पण सासूबाईंना त्याचा विषय निघालेला आवडत नाही." त्यांचा पहिला नवरा पालीला घाबरायचा. एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला.

आईला विचारलं, दादाचं काय लिहू? म्हणाली, "लिही, कारल्याची भाजी आवडायची." दादा कारल्याला हातही लावत नसे. आधी वाटलं, वयामुळे विसरली. मग लक्षात आलं की त्याला खरंच जे आवडायचं त्याचं नावही तिच्या तोंडून निघत नव्हतं.

शेवटी एकच अधिकारी राहिला. एक लेफ्टनंट. शिपाई म्हणून भरती झालेला, परीक्षा देऊन अधिकारी झालेला खानदेशी मुलगा. त्याच लढाईत गेलेला. वडील पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कामाला होते. रेजिमेंटनं पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलं नव्हतं.

"पत्ता सुरतचा आहे म्हणून तुम्हाला सांगतोय," कर्नलसाहेब म्हणाले आणि मध्येच थांबले. मला वाटलं, रेंज गेली.

पांडेसऱ्यात त्या खोलीच्या जागी कापडाचं गोदाम झालं होतं. कोपऱ्यावरचा चहावाला त्यांच्याच गावचा निघाला. म्हणाला, म्हातारा वारला, बाकीचे कोसाडला आवासमध्ये, सरकारी घरांत, राहायला गेले. दुसऱ्या दिवशी मी कोसाडला गेले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत एक म्हातारी आणि तिची सून साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत बसल्या होत्या. धाकटा मुलगा पलसाण्याच्या मिलमध्ये पाळीवर गेला होता. भिंतीवर गणवेशातला फोटो होता. मोठे कान, हसू दाबून धरलेलं.

मी आल्याचं कारण सांगितलं. म्हातारीनं साडी बाजूला सारून मला जागा दिली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. मुलाबद्दल विचारलं तर आनंदानं बोलायला लागली. मिलच्या भोंग्याची तो हुबेहूब नक्कल करायचा आणि बाप दचकून उठून बसायचा. रेंगाळणं त्याला माहीतच नव्हतं, सगळं त्याला झटपट हवं. मग तिनं विचारलं, "तू कोनी आंडेर शे, माय?"

कुणाची लेक, ते सांगताना मी म्हटलं की माझा भाऊही याच पलटणीत कॅप्टन होता, त्याच लढाईत गेला. तिनं त्याचं नाव विचारलं. मी सांगितलं.

ती हात टेकत टेकत उठली आणि माझ्या पायांवर वाकली. मी घाबरून मागं सरले. आईच्या वयाची बाई. सून चहा तसाच ठेवून दारात उभी राहिली.

"तुना भाऊ मना पोऱ्याले लेवाले गया व्हता," ती म्हणाली. "तठेच राह्यना."

माझा भाऊ तिच्या मुलाला आणायला गेला होता आणि तिथंच राहिला. मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. घरी आलेल्या पत्रात एवढंच होतं की तो शौर्यानं लढताना गेला.

तिनं मग सगळं सांगितलं. शवपेटीबरोबर गावाला आलेल्या जवानानं तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं की सुरतचाच एक कॅप्टन तुमच्या पोराला आणायला पुढं गेला. गावचं क्रियाकर्म उरकून सुरतला आल्यावर दोघांनी आमचा पत्ता काढला. आमच्या फाटकापर्यंत आली. वर आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तिला पाहिलं आणि दोघं तशीच मागं फिरली. "काय तोंड दखाडतू तिले?" तिनं मला विचारलं. त्यानंतर इतकी वर्षं आई आणि ती याच शहरात राहिल्या, तापीचं तेच पाणी प्यायल्या.

जिन्यात उभं राहून मी कर्नलसाहेबांना फोन लावला.

"तुमच्या बाबांना मी स्वतः सांगितलं होतं," ते म्हणाले. "ते म्हणाले, घरात कुणालाच सांगू नका. मी शब्द दिला होता."

"पुढं सांगा," मी म्हटलं.

"लेफ्टनंट पडला तेव्हा तो जखमी आहे असंच आम्हाला वाटलं. तुमचा भाऊ म्हणाला, मी आणतो. पण तो पोचला तेव्हा तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गोळी डोक्यात लागली होती, तो जागीच गेला होता. तुमच्या भावानं तरी त्याला खांद्यावर घेतलं. परत येताना त्यालाही गोळ्या लागल्या." मग म्हणाले, "त्या घरी हे सगळं माहीत आहे. आपला मुलगा क्षणात गेला, त्याला दुखलं नाही, एवढंच त्या माउलीनं धरून ठेवलंय."

घरी येऊन काही दिवस गेले. मग आईला सांगितलं. दादा कुणाला तरी आणायला गेला होता आणि त्या मुलाची आई कोसाडला राहते, इतकंच. तो पोचला तेव्हा काय होतं, ते नाही सांगितलं.

आई लसूण सोलत होती. "दुसरं कुणी नव्हतं का जायला?" ती म्हणाली. मग माझ्याशी बोलेनाशी झाली. जेवायला बसायची, उठायची. वडिलांच्या फोटोकडे पाठ करून बसायची. त्यांनी लपवलं हेही तिला लागलं असणार. असे कितीतरी दिवस गेल्यावर एका सकाळी म्हणाली, "आण तिला."

मी रिक्षानं त्यांना घेऊन आले. त्या आत आल्या त्या थेट जमिनीवर बसल्या. आई म्हणाली, "वर बसा." त्या वर बसल्या, पण टोकाला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी पाणी आणलं, ते कुणी घेतलं नाही.

"मला एकच सांगा," आई म्हणाली. "माझा मुलगा पोचला तेव्हा तुमचा जिवंत होता का?"

त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरं माहीत होतं, आणि मलाही ते माहीत आहे हे त्यांना एका नजरेत कळलं.

"व्हता ना, माय," त्या म्हणाल्या. "जित्ता व्हता. पानी मांगी राहिंता. तुना पोऱ्यानी त्याले पानी दिधं. मंग त्यानी डोया मिटात."

आईच्या तोंडून एक आवाज आला, मी तो आधी कधी ऐकला नव्हता. दादाला आणलं त्या दिवशीही ती रडली नव्हती. आता तिनं त्या बाईंचा हात घट्ट धरला आणि ती रडत राहिली. "म्हणजे उपयोग झाला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "म्हणजे त्याला पाणी तरी मिळालं." त्या बाई कोरड्या डोळ्यांनी समोर बघत बसल्या होत्या.

मी त्यांना सोडायला गेले. कोसाडला उतरताना म्हणाल्या, "खोटं बोलनू मी."

"मला माहीत आहे. मावशी, तुमचे उपकार…"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या बोलीत त्या जे म्हणाल्या ते असं: तो लगेच गेला, त्याला काही कळलं नाही, म्हणून मी जगले. आज मीच त्याला तहानलेला केला. आता तो माझ्याकडे पाणी मागतोय, आणि मी काय करू?

त्या जिना चढून गेल्या.

दालनाच्या उद्‍घाटनाला मी एकटीच गेले. आईला प्रवास झेपणारा नव्हता आणि मावशी नको म्हणाल्या. भिंतीवर फोटो हुद्द्याप्रमाणे लावले होते, त्यामुळे दादा एका भिंतीवर होता आणि तो लेफ्टनंट समोरच्या. शीळ घालणाऱ्या मुलाचे वडील काठी टेकत आले होते, मुलाच्या ओळी ते मोठ्यानं वाचत होते. बिगुल वाजल्यावर कर्नलसाहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

परतल्यावर फोनमधला फोटो दाखवायला कोसाडला गेले. मावशींनी पाहिला, काचेवर पडलेल्या उजेडामुळे चेहरा नीट दिसत नाही म्हणाल्या. सून मला बाहेर सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "हल्ली झोपेतून उठून बसतात. पाणी दे म्हणतात, आणि दिलं तर पीत नाहीत."

मी परत आत गेले. म्हटलं, मावशी, आई तुमची फार आठवण काढते, एकदा चला. त्यांनी मान हलवली.

"नही, माय. तठे उनू तर परत तेच बोलनं पडी."

तिथं आले तर पुन्हा तेच बोलावं लागेल. आई अजून विचारते, त्या कधी येणार. गेल्या रविवारी तिनं त्यांच्यासाठी लाडू करून ठेवले. मी सांगते, त्यांचे गुडघे दुखतात.