पांढऱ्या डोळ्यांच्या सतरा पोरी

माझं काम माश्यांचा स्वयंपाक करण्याचं. हे मी बाहेर कुणाला सांगत नाही. मोठ्या संशोधन संस्थेत आहे, एवढंच सांगते आणि समोरच्यानं पुढचं विचारायच्या आत चालायला लागते.

संस्था जनुकांची. आईबापाचं काय काय पोरांत उतरतं आणि कसं, हे तिथं शोधतात. माणसांच्या पिढ्या मोजत बसलं तर जन्म पुरायचा नाही, म्हणून फळांवरच्या बारीक माश्या पाळतात. त्यांची पिढी दहा-बारा दिवसांत होते. सुरुवातीला राजारामपुरीत एका क्लासच्या वर दोन खोल्या होत्या. पहिले मोठे साहेब माश्यांची बाटली शर्टाच्या खिशात घालून एसटीनं आले आणि बाटली दबू नये म्हणून जागा असून सगळी वाट उभे राहिले म्हणे. आता मोठी इमारत आहे, पण आमच्या पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या त्याच बाटलीच्या वंशातल्या. मी त्यांना मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून घालते. घरी आमचे मालक जेवताना बोलतात, "आमच्या पिठल्यात गुठळ्या आन् माश्यांस्नी चाळून घालतीस व्हय!"

गेल्या उन्हाळ्यात बाटल्यांना बुरशी लागली. एकेक करत सगळ्या गेल्या आणि पांढऱ्या डोळ्यांची एकच बाटली उरली. ती आमच्या मॅडमची. मॅडम वयानं माझ्या लेकीएवढ्या, बाहेरगावच्या, उचगावात आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहतात. त्यांना पांढऱ्या डोळ्यांच्या पोरींची लग्नं लावायची होती. नवरे ठरलेले. एका गुऱ्हाळावर गुळाच्या काहिलीभोवती घिरट्या घालणारे, लाल डोळ्यांचे, चांगले खाऊनपिऊन माजलेले. अट एकच, पोरींना आधी दुसऱ्या कुठल्याही नराचा वारा लागलेला नको. माशी कोषातून बाहेर पडली की आठ तासांत लग्नाची होते. त्याच्या आत तिला भावांपासून वेगळी काढायची. मॅडम अशा पोरींसाठी एक शब्द सगळ्यांदेखत खणखणीत म्हणतात, मला तो इथं लिहायचीही लाज वाटते.

हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या जपून लेकी अख्ख्या उचगावात कुणी ठेवल्या न्हाईत."

नेमक्या पोरी निवडायच्या दिवशी मॅडम तापानं पडल्या. सकाळी फोन आला, "मावशी, आज तुम्हीच निवडा आणि पाचच्या आत माझ्याकडं आणा, नवरे खोलीवरच आहेत. एक जरी नर राहिला तर दोन वर्षांचं काम गेलं."

मी पीठ शिजवणारी, बाटल्या धुणारी. पण रोज शेजारी उभी राहून बघितलेलं होतं. नऊला बाटलीतल्या सगळ्या माश्या बाहेर काढल्या. बाराला बघितलं तर सव्वीस नव्या निघालेल्या. गॅस देऊन झोपवल्या आणि मायक्रोस्कोपखाली घेतल्या. नर बारका आणि त्याचं बूड काळं, एवढी खूण. नऊ भाऊ बाजूला केले, सतरा पोरी काचेच्या नळीत घातल्या, कापसाचा बोळा लावला, नळी डब्याच्या पिशवीत ठेवली आणि उचगावावरून जाणारी हुपरीची बस धरली.

वाटेत ट्रक बंद पडलेला. बस रसाच्या दुकानासमोर अडकली. मी सहज नळी काढून उजेडात धरली. एक बूड काळं होतं! ताज्या माश्या सगळ्याच फिकट असतात. दुपारी हा पठ्ठ्या गोरा होता, आता रंगावर आला होता. घड्याळात पावणेपाच, आणि नऊपासूनचे आठ तास पाचला भरत होते.

"अगं बाई," एवढंच तोंडातून गेलं. शेजारी भाजीची पाटी घेतलेली बाई होती. "काय झालं वो?" तिनं विचारलं. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. तिनं ते अख्ख्या बसला सांगितलं.

"ऐका वो! ह्या ताईंच्या सतरा पोरींत एक बाप्या घुसलाय! माश्या हायत्या, पर लग्नाच्या हायत्या! पंधरा मिंटांत भाईर न्हाय काढला तर सगळ्याजणी वाया गेल्या!"

मला बस फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण कुणी हसलं नाही. उलट सगळे पुढं सरकले.

"दावा बघू," मागून एक म्हातारे चाचा उठले. हुपरीचे, पैंजणाचं काम करणारे. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. "व्हय, हाय की. कोपऱ्यात बसलाय गुपचूप. पंख झाडाय लागलाय."

"पंख झाडतोय म्हंजे?" कंडक्टरनं विचारलं.

"म्हणजे तो मागणी घालतोय," मी म्हणाले. ते मी म्हणाले, हे मला नंतर कळलं.

"मग काढा की भाईर!"

"बोळा काढला तर सगळ्याच उडतील. गार केल्या तर झोपतील."

"बर्फ!" कंडक्टर ओरडला आणि पायरीवरून रसवाल्याला हाक दिली, "ए पावणं, बर्फ आण, पोरींची अब्रू हाय!" रसवाल्यानं काही न विचारता ग्लासभर बर्फ दिला. त्यात नळी खुपसली. दोन मिनिटांत सगळ्या आडव्या. भाजीवालीनं पाटीवरचा पांढरा धडपा पसरला, चाचांनी बोळा काढला आणि घुंगरू उचलायच्या चिमट्यानं त्याला पंखाला धरून अलगद वर घेतलं.

"बिनतिकिटाचा हाय," कंडक्टर म्हणाला. "उतरवा त्याला."

चाचांनी त्याला खिडकीतून सोडलं. मग उरलेल्या सोळा पोरी एकेक करून भिंगाखाली तपासल्या आणि अख्खी बस मोठ्यानं मोजत होती.

मॅडम गोधडीत बसून दाराकडं डोळे लावून होत्या. मला खोटं बोलता येत नाही, खरं बोलायलाही वेळ लागतो. पण त्या दिवशी सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी ताप विसरून वहीत लिहिलं: बर्फ, भिंग, चिमटा, हुपरी बस. मग म्हणाल्या, "मावशी, आत्ता काहीच कळणार नाही. लेकी जन्माला आल्या की कळेल. पोरगे काही झालं तरी आईवर, पांढऱ्या डोळ्यांचेच निघणार. सगळ्यांचे डोळे लाल निघाले तर नवरा गुऱ्हाळाचा. एकीचे जरी पांढरे निघाले तर तो बसमधला भाऊ आधीच पोचला होता."

लग्नं त्याच रात्री लागली आणि पुढचे बारा दिवस मी पिठल्यात मीठ विसरले. मालक मिठाची बरणी शेजारी घेऊनच जेवायला बसायला लागले.

तेराव्या दिवशी मॅडमनी मला मायक्रोस्कोपपुढं बसवलं. लेकी एकेक करून पुढं सरकवत गेले. लाल. लाल. लाल. एक डाव्या कुशीवर पडलेली, डोळा दिसेना, तिला पिसानं उलटी केली. लाल. पोरगे मात्र सगळे पांढऱ्या डोळ्यांचे, मॅडम म्हणाल्या होत्या तसेच.

संध्याकाळी बसमध्ये चढले तर नेहमीसारखी खिडकीशी अंग चोरून बसले. मागून आवाज आला, "मावशी! पोरींच्या लेकी कुणावर गेल्या?"

चाचा होते. बसमधली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी मान खाली घातली. मग वर केली.

"बापावर!" मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं.

"आन् पोरं?"

"आईवर!"

"मग बराबर हाय," कंडक्टर म्हणाला आणि त्यानं घंटी दिली.